तवंदीच्या घाटात खर्ज कुठे जातो?

निपाणी मागे टाकून गाडी बेळगावकडे निघाली की थोड्याच वेळात तवंदीचा घाट लागतो. चढ सुरू होतो, हंगाम असेल तर पुढे उसाचा ट्रॅक्टर रांगत असतो, चालक गिअर एक खाली घेतो आणि इंजिनाचा सूर बदलतो. गाडीत त्या वेळी विलंबित ख्याल चालू असला तर नीट कान द्या. गवई ऐकू येत राहतो, तबला ऐकू येतो, पण तानपुऱ्याचा खर्ज नाहीसा होतो.

यामागे साधं गणित आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर असतो आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. आता बॉनेटखाली बघा. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला २०८० फेरे झाले की सेकंदाला सुमारे ६९ स्फोट. म्हणजे इंजिनानं स्वतःच काळी एकचा खर्ज लावलेला असतो, तोही पट्टी सतत खालीवर सरकवत. हल्लीच्या लहान गाड्यांत तीन सिलिंडर असतात, त्यांच्यात हीच वेळ २७७० फेऱ्यांच्या सुमारास येते. टायरची घरघर आणि वाऱ्याचा घोंघाट यांची भर वेगळीच, आणि त्यांचाही जोर मुख्यतः खालच्या पट्टीतच असतो.

गाडीत चांगला आवाज हवा असणारा माणूस सहसा पहिला प्रश्न विचारतो तो असा: ‘एमपी३ भरू की फ्लॅक?’ प्रश्न रास्त आहे आणि या प्रकरणात त्याचं उत्तर दिलेलं आहे. पण तो पहिला प्रश्न नव्हे. माझ्या मते तो चौथा किंवा पाचवा असावा. घाटात हरवलेला खर्ज जगातला कुठलाच फॉरमॅट परत आणून देत नाही.

बंद काचांच्या गाडीत महामार्गाच्या वेगाला साधारण ६५ ते ७५ डेसिबल गोंगाट असतो. त्यावर गाणं ऐकायचं म्हणजे ते ८५-९० डेसिबलपर्यंत न्यावं लागतं. त्याहून वर नेणं कानाला परवडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित श्रवणाची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे, आणि आवाज जितका चढवाल तितके हे तास झपाट्यानं घटतात. म्हणजे गाण्यातला सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांच्यासाठी आपल्या हातात जेमतेम वीसेक डेसिबलची खिडकी उरते. ख्यालाच्या सुरुवातीचा आलाप आणि शेवटची तान यांच्यातलं अंतर सहज ३० डेसिबलचं असतं. आलाप ऐकू यावा म्हणून आवाज वाढवला की तान अंगावर येते, आणि तानेसाठी कमी केला की पुढचा आलाप रस्त्यात विरतो. स्टिअरिंगवरचं व्हॉल्यूमचं बटण का झिजतं ते यावरून कळावं.

आता सीडी. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहिलेला असतो. दोन्ही वाहिन्या धरून सेकंदाला १४११ किलोबिट. यातून २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज आणि ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. शांत खोलीत हा पल्ला उपयोगी पडतो. गाडीत त्यातला पाव भाग वापरता आला तरी पुष्कळ. मग ‘हाय-रेझोल्यूशन’ म्हणून जे विकतात, म्हणजे २४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ, त्याचं गाडीत काय करायचं? काहीच नाही. त्या फायली पेन ड्राईव्हमधली जागा खातात. स्टुडिओत ध्वनिमुद्रण करणाऱ्याला २४ बिटांची खरी गरज असते, कारण त्याला पुढे आवाजावर काम करायचं असतं. धारवाडला निघालेल्या माणसाला ती नसते.

ज्यांनी वडापच्या जीपमधून प्रवास केलाय त्यांना हे पुस्तक न वाचताही ठाऊक आहे. दहा माणसं आत, चार मागे लटकलेली, आणि डॅशबोर्डवर प्रल्हाद शिंद्यांची कॅसेट. डॉल्बीशिवायच्या कॅसेटचा पल्ला फार तर ५०-५५ डेसिबलचा. तरी तो जीपला पुरून उरायचा. कॅसेट खराब वाजायची ती मळलेल्या हेडमुळे आणि ढिल्या पट्ट्यामुळे, पल्ला कमी पडल्यामुळे नव्हे.

तरीही फॉरमॅटनं फरक पडतो. कुठे पडतो ते समजायला एमपी३ आत काय करतं हे थोडं बघू. जर्मनीत एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या कामाला आकार दिला, त्याचा पाया माणसाच्या कानाचा एक दोष आहे. एका पट्टीत मोठा आवाज चालू असला की त्याच्या शेजारच्या पट्टीतला बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही. मग तो साठवायचा तरी कशाला? एमपी३ असे आवाज गाळतं, किंवा ते इतके ओबडधोबड लिहितं की जागा वाचते. १९९२-९३ साली हे प्रमाणित झालं आणि १९९५च्या जुलैत फायलीला ‘एमपी३’ हे शेपूट मिळालं.

ब्रांडेनबुर्ग यांनी आपली पद्धत घासूनपुसून घेण्यासाठी जी गाणी वापरली त्यांत सुझान व्हेगा हिचं ‘टॉम्स डायनर’ होतं. या गाण्यात वाद्यच नाही, एका बाईचा मोकळा आवाज तेवढा आहे. सुरुवातीच्या एमपी३त तो आवाज फार विद्रूप व्हायचा. कारण उघड आहे. ढोल, गिटार, कोरस यांच्या गर्दीत चुका लपतात, एकट्या गळ्याला आडोसा नसतो. आपल्या दृष्टीनं हे महत्त्वाचं. ऑर्केस्ट्राचं सिनेमागीत १२८ किलोबिटवर निभावून जातं, पण गळा आणि तानपुरा एवढंच असलेली आलापी त्याच १२८वर डुचमळायला लागते. जवारीतून निघणारे ते वर सरकत जाणारे स्वर गुळगुळीत होतात, त्यांचा कस जातो. म्हणून ‘साधंच तर गाणं आहे, कमी बिटरेट चालेल’ हा हिशेब नेमका उलटा आहे.

दुसरी खोड टाळ-चिपळ्यांत दिसते. एमपी३ आवाजाचे तुकडे पाडतं. एक तुकडा ११५२ नमुन्यांचा, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांचा. टाळाचा ठोका तुकड्याच्या मध्यावर आला तर लिहिण्यातली चूक साऱ्या तुकड्यावर पसरते, ठोक्याच्या आधीच्या शांततेवरसुद्धा. ठोका पडण्यापूर्वीच एक बारीक ‘फस्’ ऐकू येते. चांगले एन्कोडर अशा जागी तुकडे लहान करतात, तरी कमी बिटरेटवर ही फुसफुस उरतेच. तुमच्याकडच्या गाण्यांत एमपी३ची परीक्षा घ्यायची असेल तर अभंगाची सीडी घ्या. टाळ-मृदंगाच्या गजरासारखी कसोटी दुसरी नाही.

बाकीच्या फॉरमॅटांची ओळख थोडक्यात उरकतो. एएसी हा एमपी३चा धाकटा आणि हुशार भाऊ, १९९७चा. तेवढ्याच बिटांत तो जास्त चांगला आवाज देतो आणि गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक गाड्या तो वाचतात. ऑग व्हॉर्बिस आणि ओपस गुणानं उत्तम आहेत, पण डॅशबोर्डवर त्यांना ओळखणारे थोडे. डब्ल्यूएमए विसरून जा. डब्ल्यूएव्ही म्हणजे सीडीतलं गाणं जसंच्या तसं, तासाला ६३५ एमबी. फ्लॅक २००१ साली आलं. जॉश कोलसन या प्रोग्रॅमरनं ते खुल्या परवान्यावर दिलं. यात एकही बिट गळत नाही, तरी फाईल साधारण निम्म्या-पाऊण आकाराची होते आणि उघडली की मूळ नमुने जसेच्या तसे परत मिळतात. अ‍ॅपलचं एएलएसी त्याच जातीचं.

आता उत्तर. एकाच सीडीवरून चांगल्या एन्कोडरनं केलेलं २५६ किलोबिटचं एएसी किंवा ३२० किलोबिटचं एमपी३ आणि फ्लॅक यांतला फरक बहुतेक कानांना शांत खोलीतसुद्धा सांगता येत नाही. चालत्या गाडीत तर नाहीच. गाडीसाठी २५६चं एएसी पुरेसं आहे. गाडी जुनी असेल तर ३२०चं एमपी३. विश्वास बसत नसेल तर घरातल्या कुणालातरी बटण दाबायला बसवा, कुठली फाईल लागली ते तुम्हाला सांगू देऊ नका आणि कागदावर उत्तरं लिहा. मात्र दोन्ही फायलींचा आवाज सारखा लावून घ्या. एखाद्या डेसिबलनं मोठी असलेली फाईल कानाला नेहमी ‘जास्त चांगली’ वाटते. ऑडिओच्या दुकानांतले निम्मे चमत्कार या एका डेसिबलवर चालतात.

तरी ‘३२०’ हा आकडा पाहून हुरळू नका. बेळगाव-निपाणीच्या बाजारात पेन ड्राईव्ह गाण्यांनी भरून देणारे अजून आहेत. हा धंदा बेकायदा आहे हे दोन्ही बाजूंना माहीत असतं आणि दोन्ही बाजू त्याचा विषय काढत नाहीत. असाच एक पेन ड्राईव्ह माझ्या हाती आला होता. ‘सगळं थ्री-ट्वेंटी हाय सर, फुल क्वालिटी. घालून बघा की एकदा,’ असं प्रशस्तिपत्र सोबत होतं. घातला. नाट्यगीतांतला सारंगीसारखा चिरका झालेला ऑर्गन ऐकून संशय आला, म्हणून एक फाईल ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडली आणि स्पेक्ट्रोग्रामचं दृश्य लावलं. त्यात आडवा वेळ असतो, उभी कंपनसंख्या, आणि जिथे आवाज आहे तिथे रंग उजळतो. रंग खालून वर चढत १६ किलोहर्ट्झपर्यंत गेला होता आणि तिथे पट्टी लावून कापल्यासारखा थांबला होता. त्यावर गाणं संपेपर्यंत निव्वळ काळोख. खऱ्या ३२०त हा उजेड २० किलोहर्ट्झपर्यंत जातो. १६च्या आसपासची भिंत ही १२८ किलोबिटची सही आहे. कुणीतरी १२८ची फाईल घेऊन तिची ३२०ची प्रत केली होती. झेरॉक्सची झेरॉक्स कितीही महागड्या कागदावर काढली तरी मूळ अक्षर ठळक होत नाही, तसंच हे. उलट दर वेळी एन्कोड करताना नव्या चुका जुन्यांवर बसतात. अशा फाईलपासून फ्लॅक केलं तरी ते १२८चंच फ्लॅक.

एक सावधगिरी मात्र बाळगा. चाळिशी ओलांडलेल्या कानांना १६ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं ऐकू येतच नाही, तेव्हा भिंतीच्या वरचा काळोख हा स्वतः दोष नव्हे. तो फाईलच्या कुळाचा पुरावा आहे. आणि काही फायलींत भिंत असणं अगदी रास्त असतं. बेळगावजवळच्या सुळेभावीला १९२४ साली जन्मलेल्या शिवपुत्र कोमकळीमठाच्या, म्हणजे कुमार गंधर्वांच्या, लहानपणीच्या तबकड्या घ्या. किंवा गंगूबाई हनगलांच्या ‘गांधारी हुबळी’ या नावानं निघालेल्या सुरुवातीच्या तबकड्या, ज्यांत त्यांचा आवाज पुढच्या काळासारखा भारदस्त नसून पातळ आणि उंच आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटं मावायची. १९२५च्या सुमारास मायक्रोफोननं मुद्रण सुरू झाल्यावरही अशा तबकड्यांत उपयोगाचा आवाज सहा-आठ किलोहर्ट्झपर्यंतच असायचा. त्यावर फक्त खरखर. अशा मुद्रणाची ९६ किलोहर्ट्झची ‘हाय-रेझ’ आवृत्ती म्हणजे खरखरीचं हाय-रेझ चित्रण.

शिवाय जुनं बहुतेक गाणं मोनो आहे. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ला सुरू झालेलं ‘गीतरामायण’ मोनोच होतं, स्टिरिओ प्रसारण तेव्हा नव्हतंच. मोनो गाण्याच्या दोन्ही वाहिन्यांत एकच मजकूर असतो. हे एमपी३च्या ‘जॉइंट स्टिरिओ’ला ओळखता येतं आणि सारे बिट त्या एकाच मजकुरावर खर्च होतात. म्हणून चांगल्या प्रतीवरून केलेलं १६० किलोबिटचं जुनं मोनो भावगीत ३२०च्या नव्या स्टिरिओ गाण्याइतकंच सुखरूप असतं. फ्लॅकमध्येही अशी फाईल चटकन लहान होते. मात्र ‘रीमास्टर्ड’ म्हणून निघालेल्या काही आवृत्त्यांत खरखर काढताना गवयाचा श्वासही काढून टाकलेला असतो. दोन आवृत्त्या मिळाल्या तर थोडी खरखर असलेली घ्यावी. गाडीत ती तशीही रस्त्याखाली झाकली जाते.

फाईल उत्तम आहे, पण ती स्पीकरपर्यंत जाते कशी? फोन ब्लूटूथवर असेल तर फोन आधी फाईल उलगडतो, त्यात नकाशातल्या बाईचं ‘टर्न लेफ्ट’ मिसळतो, आणि सगळं नव्यानं दाबून हवेतून पाठवतो. या दुसऱ्या दाबणीसाठी बहुतेक गाड्यांत एसबीसी नावाचा कोडेक असतो, चांगल्या स्थितीत सेकंदाला ३२८ किलोबिटपर्यंत, किंवा एएसी. म्हणजे फोनमध्ये फ्लॅक असलं तरी गाडीत पोचतं ते एसबीसी. सोनीचा एलडीएसी ९९० किलोबिटपर्यंत जातो, पण तो फोनमध्ये असून भागत नाही, गाडीतही असावा लागतो. वायरलेस कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो आवाज वाय-फायवरून नेतात, त्यामुळे तिथे वाट रुंद आहे. पेन ड्राईव्हमधली फाईल मात्र गाडीची सिस्टीम स्वतः उलगडते, मधे कुणी नसतं. म्हणून ज्याला नीट ऐकायचंय त्यानं पेन ड्राईव्ह किंवा केबल वापरावी. ब्लूटूथच वापरायचं तर फोनचा आवाज पूर्ण ठेवून कमी-जास्त गाडीच्या बटणानं करावं, उलटं नको.

स्ट्रीमिंगचं तसंच. स्पॉटिफायच्या सशुल्क सेवेत २०२५पर्यंत वरची पायरी ३२० किलोबिटची होती, अ‍ॅपल म्युझिकनं २०२१च्या जूनपासून लॉसलेस दिलंय. पण ‘ऑटोमॅटिक’ असं निवडलेलं असेल तर नेटवर्क दुबळं झालं की अ‍ॅप गुपचूप बिटरेट उतरवतं, आणि तुम्ही स्पीकरला दोष देता. ३२०ला तासाला १४४ एमबी लागतात. घरच्या वाय-फायवर गाणी उतरवून मगच निघावं, विशेषतः चोर्ल्यातून गोव्याला जायचं असेल तर.

रेडिओची गोष्ट निराळी आहे आणि ती बरंच काही शिकवते. बेळगावात केएलईचा वेणुध्वनी ९०.४वर लागतो. तो सामुदायिक केंद्राचा लहान आवाका, शहर मागे पडलं की विरतो. कागलकडे सरकलं की कोल्हापूरचा टोमॅटो एफएम ९४.३वर घट्ट बसतो. एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वर काही नसतंच. तरी गाडीत रेडिओ पुष्कळदा पेन ड्राईव्हपेक्षा ‘भरलेला’ वाटतो. याचं कारण फॉरमॅटमध्ये नाही. केंद्रावरची यंत्रणा प्रसारणाआधी हळू आवाज वर उचलते आणि मोठा खाली दाबते, सगळं एका पातळीवर आणते. वर सांगितलेल्या वीस डेसिबलच्या खिडकीत बसेल असंच ते गाणं कापून बेतलेलं असतं.

शुद्धतावादी रसिकांना हे आवडणार नाही, पण माझी शिफारस अशी की गाडीसाठी वेगळी प्रत करावी. सिनेमागीतांना काही करावं लागत नाही, नवी गाणी मुळातच चेंगरलेली असतात. ख्याल, सतार, बासरी यांच्या प्रतीवर मात्र ऑडॅसिटीतला कॉम्प्रेसर हलक्या हातानं चालवावा. दोनास एक हे प्रमाण पुरे. आलाप वर येतो, तान अंगावर येत नाही. घरची मूळ प्रत अर्थातच तशीच ठेवायची. सगळ्या फायलींचा आवाज एका पातळीवर आणायला एमपी३गेन नावाचं जुनं साधन आहे. ते फाईल नव्यानं एन्कोड न करता तिच्यातला पातळीचा आकडा दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलतं, त्यामुळे गुणवत्तेला धक्का लागत नाही. ‘गीतरामायणा’नंतर एकदम डीजेचं गाणं लागून मागच्या सीटवरचं पोर दचकणं यानं थांबतं.

आणि जे काम फाईल करू शकत नाही ते टायर करतात. ताशी १०० वरून ८० वर आलं की टायरचा आवाज तीन-चार डेसिबलनं उतरतो. एमपी३ सोडून फ्लॅक घेतल्यानं गोंगाटात शून्य डेसिबलचा फरक पडतो. दारांचे रबर बदलणं, टायरमधली हवा कंपनीनं सांगितली तेवढीच ठेवणं, दारांच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट लावणं, यांवर खर्च केलेला पैसा कानाला दिसतो. इक्वलायझरवर खालच्या पट्टीला दोन-तीन डेसिबल उचल द्यायला हरकत नाही, कारण रस्ता नेमकी तीच पट्टी गिळतो. बाराचा बेस दिला की अ‍ॅम्प फाटतो आणि त्याला लोक ‘एमपी३चा आवाज’ म्हणतात.

पेन ड्राईव्हच्या बारीकसारीक कटकटी आहेत. ६४ जीबीचा ड्राईव्ह बाजारातून बहुधा एक्सफॅट करून येतो आणि पुष्कळ गाड्यांना फक्त फॅट३२ कळतं. मग पडद्यावर ‘डिव्हाइस नॉट सपोर्टेड’ येतं आणि माणूस दुकानदाराशी भांडतो. विंडोजचं नेहमीचं साधन ३२ जीबीच्या वरचा ड्राईव्ह फॅट३२ करून देत नाही म्हणून ३२चाच घ्यावा, तासाला सव्वाशे एमबी धरले तरी त्यात अडीचशे तासांचं गाणं मावतं. काही सिस्टीम गाणी नावाच्या क्रमानं न वाजवता ज्या क्रमानं कॉपी झाली त्या क्रमानं वाजवतात. नावांआधी ०१, ०२ घालून एकेक फोल्डर क्रमानं टाकावा. नावं शक्यतो रोमन अक्षरांत. स्वस्त सिस्टीमवर देवनागरीचे चौकोन होतात आणि कन्नडचेही. सीमाभागात दोन्ही भाषांना इतकी समान वागणूक दुसरीकडे कुठे मिळत नसेल. सीडीवर विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक सलग असतील तर एमपी३त त्यांच्यामध्ये पुष्कळदा कणभर खंड पडतो, सम हुकते. फ्लॅकमध्ये पडत नाही. गाडीत फ्लॅक भरायचं मला पटलेलं एवढं एकच कारण. गाडीच्या पुस्तिकेत मागच्या पानांवर कुठले फॉरमॅट, किती फोल्डर, किती फायली चालतात याचा तक्ता असतो. तो वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, पण तो छापलेला असतो.

फ्लॅकची खरी जागा घरी आहे. या भागातल्या पुष्कळ घरांत माळ्यावर कॅसेटचे डबे पडून आहेत. गावच्या भजनी मंडळाचं भजन, गणपतीतलं नाटक, एखाद्या मास्तरांचं गाणं, सीमालढ्यातली भाषणं आणि पोवाडे. यांची दुसरी प्रत कुठल्याही अ‍ॅपवर नाही. फितीवरचा चुंबकीय थर वर्षागणिक सुटत जातो, आणि बेळगावच्या पावसाळ्यात तिला बुरशीही लागते. चालू स्थितीतला कॅसेट डेक मिळवा, हेड साफ करा, हेडचा कोन लहान स्क्रूनं असा लावा की टाळ जास्तीत जास्त स्पष्ट ऐकू येईल. संगणकावर ४८ किलोहर्ट्झला मुद्रण घ्या आणि ते फ्लॅकमध्ये ठेवा. फ्लॅक फाईल आतल्या आवाजाचा एक तपासणी-आकडा स्वतःजवळ बाळगते, त्यामुळे दहा वर्षांनीही ती शाबूत आहे की सडली हे तपासता येतं. दोन प्रती करा, दुसरी दुसऱ्या घरी ठेवा. गाडीसाठी तिची २५६ची प्रत नंतर कधीही होईल. कॅसेट मात्र या उन्हाळ्यातच काढा, पाऊस लागायच्या आत.